धुऱ्यावरच्या निंबाचा पाला

बाबांच्या तेरवीला शेवटची पंगत उठली आणि मी मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, जरा टेकले. तेवढ्यात माझी मावसबहीण सुरेखा तिच्या मुलीला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. मुलगी बारावीत आहे. एवढ्या उकाड्यात तिने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती.

"दाखव मावशीले," सुरेखा म्हणाली. मुलगी हलली नाही. "दाखव ना वं. तिचं तं याच्याहून जास्त होतं. वैशू, सांग बरं हिले, तवा तू काय लावलं होतं?"

मुलीने ओढणी क्षणभर खाली केली आणि परत वर घेतली. गाल, हनुवटी, कपाळाची कड, सगळीकडे मुरुमं. काही पिकलेली, काही नखांनी फोडलेली. मी तिच्याकडे पाहत होते तशी तीही माझ्याकडे पाहत होती. माझ्या गालांवरचे जुने खड्डे शोधत होती.

"एका वाक्यात नाही सांगता येत," मी म्हटलं. "लिहून पाठवते."

लिहायला बसल्यावर कळलं की बाबांना बाजूला ठेवून मला हे सांगताच येणार नाही. म्हणून सावकाश लिहिते आहे. ज्यांना फक्त उपाय हवे आहेत त्यांनी शेवटच्या भागाच्या आधीचा भाग वाचावा. माझी हरकत नाही. त्या वयात मीही तेच केलं असतं.

रांगेत शेवटी

माझी मुरुमं अकरावीत सुरू झाली आणि डी.एड.ला गेल्यावर वाढली. आर्णी तालुक्यात आमचं गाव. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची आणि बोंडअळीची होती. दर काही आठवड्यांनी आसपासच्या कुठल्या तरी गावाचं नाव पेपरात यायचं, आणि ते कशासाठी आलं असेल हे बातमी वाचण्याआधीच कळायचं. आमच्या गल्लीतही एका घरापुढे लग्नाच्या मांडवाऐवजी दुखवट्याला येणाऱ्यांसाठी पाल बांधलं गेलं होतं, आणि आई तिथे रोज सकाळी चहाची किटली नेऊन देत होती.

अशा दिवसांत आपलं तोंड खराब झालं म्हणून रडायचं कसं? दुःखाची रांग लागली होती आणि माझं दुःख त्या रांगेत उभं राहण्याच्याही लायकीचं नव्हतं. मी आरसा पालथा करून ठेवायचे, कोणी आलं की आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. लोकांना वाटायचं पोरगी अभ्यासू आहे. थोडी होतेही.

ज्याच्या मनाला येईल तो उपाय सांगायचा. बेसन लाव, लिंबू चोळ, मुलतानी माती थाप, टूथपेस्ट लावून झोप. कोणी म्हणायचं पोटातली उष्णता आहे, कोणी म्हणायचं लग्न झालं की जाते. मी सगळं केलं, लग्न सोडून. एक उपाय आठवडाभर, मग दुसरा. लिंबाने आग व्हायची, मातीने कातडी ताणून फुटायची, आणि त्या फुटलेल्या कातडीवर मी पुढचा उपाय लावायचे. आपण चेहऱ्याला एक दिवसही मोकळं सोडलेलं नाही, हे लक्षात यायला मला फार उशीर लागला.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सराव पाठ असतात. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांसमोर उभं राहून शिकवायचं. पहिल्या पाठाला तिसरीतल्या दोन मुली माझ्याकडे बघून एकमेकींच्या कानात कुजबुजल्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उरलेला पाठ संपवला. मागे बसलेल्या आमच्या डी.एड. कॉलेजच्या मॅडमनी शेरा लिहिला, वर्गाशी नजर नाही. त्यानंतर मी पोटदुखीचं कारण सांगून घरीच राहू लागले.

अशात मॅडमचा निरोप आला. पाठ पूर्ण झाले नाहीत तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. शेताच्या भरवशावर पुढचं घर चालेल असं आमच्याकडे कोणालाच वाटत नव्हतं. माझं मास्तरीण होणं ही घरातली एकमेव उभी राहिलेली गोष्ट होती, आणि ती माझ्या तोंडावर अडली होती.

साफ पाला

पोळ्याच्या जरा आधीची गोष्ट. आई शेतातून परत आली ती ओटीत निंबाचा, म्हणजे कडुनिंबाचा, कोवळा पाला घेऊन.

"रोडावरच्या झाडाचा नाई आनला," ती म्हणाली. "त्याच्यावर ट्रकाची धूळ असते. हा आपल्या धुऱ्यावरचा हाय. साफ."

धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. विहिरीजवळच्या धुऱ्यावर आमचा एक मोठा निंब होता. त्याच्या सावलीत दुपारचा डबा खायचा, त्याच्या फांदीला पाण्याची कॅन टांगायची. आपल्या शेतातलं ते शुद्ध, बाजारातलं ते भेसळीचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्या पाल्याला नुसतं पाण्यातून काढावं असंही कोणाच्या मनात आलं नाही. आईने तो पाट्यावर वाटला, त्यात चिमूटभर हळद घातली आणि माझ्या तोंडावर जाड थर दिला.

थोड्याच वेळात जळायला लागलं.

"आई, लय आग होऊन राह्यली."

"निंब हाय, आग होईनच. जळते म्हंजे काम करून राह्यलं. बस चुपचाप."

मी चुपचाप बसले. मला बरं व्हायचं होतं, आणि बरं होताना त्रास होतोच, असं मीही समजत होते. अखेर धुतलं तेव्हा तोंड लाल झालं होतं. संध्याकाळपर्यंत गाल सुजले, पापण्या इतक्या फुगल्या की डोळे उघडेनात. आईने खोबरेल तेल लावलं, त्याने आणखी भडकलं. बाबा दारात आले, माझ्याकडे पाहिलं, आईला विचारलं, "काय लावलं?"

"निंब."

"कुठला?"

"आपलाच. धुऱ्यावरचा."

बाबा मागे फिरले. गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथेच होते. सकाळच्या पहिल्या बसने आम्ही तिघंही यवतमाळला निघालो.

दवाखान्याचा बाक

सरकारी दवाखान्यात चामडीच्या आजारांची वेगळी खोली होती, आणि तिच्याबाहेर एक लांब बाक. त्या बाकावर बसणाऱ्या लोकांना मी पुढे चांगलीच ओळखू लागले. सगळेच काहीतरी झाकून बसलेले असायचे. कोणाचा हात रुमालात, कोणाची मान मफलरमध्ये. त्या दिवशी माझ्या शेजारी एक म्हातारी होती, पायाला खरजेच्या पट्ट्या. तिने माझ्याकडे वाकून पाहिलं.

"माश्या चावल्या काय वं पोरी? मोहोळात हात घातला होता?"

"नाई. निंब लावला."

"निंब? मंग मी तं मोहोळच लावतो बापा," ती म्हणाली, आणि सुजलेल्या तोंडाने मला हसावं लागलं. ते दुखलं. पण कित्येक आठवड्यांत मी पहिल्यांदाच हसले होते.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी डोळे पाहिले. आतून लाल आहेत पण इजा नाही म्हणाल्या, तेव्हा आईने हात जोडले. नुसत्या पाण्याने चेहरा पुन्हा पुन्हा धुवायला लावला. मग त्या विचारू लागल्या. किती वेळ ठेवलं, त्याआधी काय लावत होतीस, पाला कुठून आणला.

"आमच्या वावरातला, मॅडम. एकदम साफ," आई म्हणाली.

"शेतात एवढ्यात फवारणी झाली होती का?"

"कपाशीवर झाली होती. निंबावर कोण फवारते?"

बाबा दाराशी उभे होते. बायकांच्या तपासणीत पुरुषाने आत यायचं नाही म्हणून ते उंबऱ्याच्या पलीकडेच होते.

"म्या मारलं होतं," ते म्हणाले.

आईने मागे वळून पाहिलं.

"मुंगळे झाले होते झाडावर. डब्ब्यात येत होते. पंपात थोडं उरलं होतं, सांडून कुठं देता, म्हनून झाडावर मारलं. दोन दिवस आधी." मग ते म्हणाले, "तिले सांगतलं नाई."

आमच्या भागात हे कोणीही करतो. पंपाची तोटी चालते की नाही हे जवळच्या झाडावर मारून पाहायचं, उरलेलं औषध धुऱ्यावर रिकामं करायचं. आणि तिथलाच पाला औषध म्हणून तोडायचा. दोन्ही गोष्टी एकाच घरातली माणसं करतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. आमच्या घरी पडली.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फवाऱ्याने झालं असेल, नुसत्या कच्च्या निंबानेही होतं, आधीच सोललेल्या कातडीवर बहुतेक दोन्ही मिळून झालं. मग बाबांकडे पाहून म्हणाल्या, "आता हिच्या तोंडाला कोणी काही लावू नका. मी सांगेन तेवढंच. आणि दर आठवड्याला आणा."

परतीच्या बसमध्ये आई माझ्या एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला बसले होते. 

मंगळवार

दुसऱ्या दिवशी बाबा कुऱ्हाड घेऊन शेतात निघाले. आईने त्यांना अंगणातच अडवलं.

"झाडानं काय केलं? झाडानं मुंगळे बोलावले, का झाडानं पंप धरला?"

त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि ती तशीच कितीतरी दिवस तिथे राहिली.

चामडीची खोली मंगळवारी उघडी असायची. तो हंगाम अळीचा होता. एक दिवस चुकला तर बोंडं हातची जात. शेजारपाजारचे पहाटेपासून पंप पाठीवर घेत होते, आणि आमचे बाबा मंगळवार आला की धुतलेला सदरा घालून बसस्टँडवर उभे राहत. आईला हे पटेना.

"मी जातो तिच्यासंगं. तुमी वावर पाहा. अळी काय तुमच्यासाठी थांबन?"

"नाई थांबत," बाबा म्हणाले. "तरी जातो."

त्या वर्षी आमच्या खालच्या तुकड्यातली बरीचशी कपाशी अळीने खाल्ली. त्याचा विषय बाबांनी कधी काढला नाही. आईने काढला, पण माझ्यासमोर नाही. भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

या सगळ्यात मला सर्वांत जड काय गेलं असेल तर बाबांचं माझ्याकडे न पाहणं. बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत, बाकावर बसले की जमिनीकडे. मला वाटायचं, माझं तोंड त्यांना बघवत नाही. एकदा परतताना बस बिघडून रस्त्यात उभी राहिली. आम्ही दोघं उतरून एका बाभळीखाली बसलो. समोरून एका गावची प्रेतयात्रा चालली होती. माणसं थोडी, आणि खांदा देणारा एक तर अगदी कोवळा. ती दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, लोकायवर काय काय येऊन राह्यलं. आन् मी मुरुमासाठी तुमचा दिवस खाऊन राह्यली. लाज वाटते."

 ते म्हणाले, "दुःख काय कापूस हाय? काट्यावर टाकून सांगाचं, याचं भारी, त्याचं हलकं?" आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. गाल, हनुवटी, कपाळ, शेतात पीक पाहावं तसं सावकाश.

"उतरलं थोडं," ते म्हणाले.

खरंच उतरलं होतं का, मला माहीत नाही. मी मान हलवली.

जे उपयोगी पडलं

सुरेखाच्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्यांसाठी हा भाग. मी डॉक्टर नाही. माझ्या कातडीला जे मानवलं ते लिहिते.

सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे थांबणं. डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा बेसन, माती, लिंबू, सगळं बंद केलं. दिवसातून दोनदा साधं पाणी आणि सौम्य साबण, हाताने हलकेच, चोळून नाही. रात्री एक मलम. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुझ्यासाठी कोणतं, हे तुझ्या डॉक्टरांना ठरवू दे.

दुसरं म्हणजे आपण रोज काय करतो ते पाहणं. आई माझ्या डोक्याला तेल थापून वेणी घालायची आणि रात्रभर ते तेल कपाळावर उतरायचं. कपाळाच्या कडेची मुरुमं त्यामुळे होती. तेल फक्त केसांच्या टोकांना लावायला लागले आणि ती कड हळूहळू साफ झाली. गाडीवर आणि बसमध्ये मी तोंडाला स्कार्फ घट्ट बांधायचे, तो घामाने भिजायचा आणि तसाच दुसऱ्या दिवशी परत तोंडावर. मग सुती स्कार्फ दोन केले, एक धुवायला, एक वापरायला. कापूस वेचताना बोंडांच्या काट्यांनी बोटं चिरतात, आणि त्याच धुळीच्या बोटांनी मी गाल खाजवायचे. नखं कापून टाकली. फोडण्याची सवय सुटायला मात्र मलमापेक्षा जास्त वेळ लागला. हातात पुस्तक असलं की हात तोंडाकडे जात नाही, हा माझा स्वतःचा शोध.

खाण्याचं विचारलं तर डॉक्टर बाई म्हणाल्या, स्वतःच पाहा. मी पाहिलं. गोड चहा दिवसभर घेतला की मला वाढायचं. तुला वाढेलच असं नाही.

निंबाचं काय? मी निंबाला शिव्या देणार नाही. पुढे वर्षभराने, कातडी पूर्ण भरून आल्यावर, मी धुतलेला पाला उकळून गार केलेल्या पाण्याने तोंड धुऊन पाहिलं. त्याआधी हातावर लावून एक दिवस थांबले. त्रास झाला नाही, बरं वाटलं. पण त्याने मुरुमं गेली असं म्हणणं खोटं ठरेल. झाडाचं आहे म्हणून काहीही थेट तोंडावर घेऊ नकोस. पाला कुठला, त्याच्याजवळ काय फवारलं जातं, हे घरातल्या सगळ्यांना विचार. जळायला लागलं तर लगेच धू. "काम करून राह्यलं" असं कोणी म्हणालं तरी.

आणि वेळ लागतो. आठवडे नाही, महिने. मधे परत वाढतं. तेव्हा वाटतं सगळं वाया गेलं. गेलेलं नसतं.

हातच्याची वजाबाकी

दिवाळीनंतर मॅडमचा दुसरा निरोप आला, आणि तो शेवटचा होता. सूज गेली होती, मुरुमं होती. गालांवर जळल्याचे काळे डाग होते. मी आईला म्हटलं, मी यंदा सोडते, पुढच्या वर्षी पाहू. आई काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "मी गाडीनं नेऊन देतो." मी जाणार का, हे त्यांनी विचारलंच नाही.

शाळेच्या फाटकाशी मी उतरले. स्कार्फ तोंडाला तसाच ठेवून वर्गात गेले. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. मॅडम मागच्या खुर्चीवर. मी बावन्नातून सतरा लिहिले आणि समजावू लागले.

मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, आयकू नाई येऊन राह्यलं."

मी आवाज मोठा केला.

"तरी नाई येत. कपड्यात बोलता तुमी."

वर्ग हसला. त्याचं बरोबर होतं. स्कार्फातून माझे शब्द पहिल्या बाकाच्या पुढे जात नव्हते. पाठ असाच गेला असता तर मी त्याच दिवशी घरी बसले असते, हे मला स्पष्ट कळत होतं. मी गाठ सोडली आणि स्कार्फ टेबलावर ठेवला.

 पहिल्या बाकावरची मुलगी नीट पाहून म्हणाली, "मॅडम, तुमाले माता आल्ती काय?" आमच्याकडे देवी-कांजिण्यांना माता म्हणतात.

"माता नाही. मुरुमं आहेत."

"दुखते?"

"कधी कधी."

"माह्या मामालेई हाय," एक जण म्हणाला. "त्याचं लगन नाई जुळून राह्यलं."

पुन्हा सगळे हसले.  मी हातात खडू घट्ट धरला होता, तो मोडला. अर्धा तुकडा खाली पडला तो पहिल्या बाकावरच्या मुलीने उचलून दिला. मी म्हटलं, "मामाचं नंतर पाहू. आता मला सांगा, दोनातून सात जातात का?"

"नाई जात."

"मग कोणाकडे मागायचं?"

"पाचाकडे," वर्ग ओरडला, आणि पाठ पुढे सरकला.

बाहेर आले तेव्हा बाबा फाटकाशी गाडीवरच बसले होते, गेलेच नव्हते. स्कार्फ माझ्या हातात होता. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"झाला?"

"झाला."

"हासले काय पोट्टे?"

"हासले."

त्यांनी गाडीच्या हँडलवरचा हात काढला. "मंग?"

"मंग वजाबाकी शिकवली."

"आली त्याइले?"

"अर्ध्याइले आली. बाकीच्याइले परत सांगा लागन."

"म्हंजे उद्या या लागन," बाबा म्हणाले, आणि त्यांनी किक मारली.